मैत्रिणीवर हक्क सांगता येतो का?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: वय ३७. कुणाच्या प्रेमात पडणं, कुणाची शारीरिक ओढ वाटणं आयुष्यात कधी घडलंच नाही. तिशीनंतर एसेक्शुअल (लैंगिक आकर्षण न वाटणाऱ्या) आणि अरोमँटिक (प्रेमात न पडणाऱ्या) माणसांच्या एका गटाशी ओळख झाली आणि आपल्यात काही बिघडलेलं नाही हे कळलं. गेली ९ वर्षं त्या एका मैत्रिणीबरोबर राहतात. घर, खर्च, आजारपणं, सुट्ट्या, मांजर, सगळं सामाईक. म्हातारपणही एकत्रच जाणार असं त्या धरून चालल्या होत्या. मैत्रीण मात्र प्रेमात पडणाऱ्यांपैकी आहे. वर्षभरापासून तिचं एका पुरुषाशी जुळलं आहे आणि आता ती त्याच्याकडे राहायला जाण्याविषयी बोलू लागली आहे. "आपल्यात काहीच बदलणार नाही," असं ती सांगते. पत्रलेखिकेची झोप उडाली आहे. घरचे म्हणतात, "निदान तिचं तरी मार्गी लागलं. तूही आता डॉक्टरला दाखव." गटातले म्हणतात, "मत्सर म्हणजे मालकीची भावना. आपण तीच मोडायला निघालोय. तिला मोकळं सोड." त्या विचारतात: "आमच्यात प्रेमसंबंध नाही. मग मला वाईट वाटून घ्यायचा हक्क तरी आहे का? तिच्या सुखाच्या आड न येता मी गुपचूप दुसरं घर बघावं का?"

* * *

तुमचा मुख्य प्रश्न तुम्ही अगदी शेवटी, जवळपास माफी मागितल्यासारखा विचारला आहे. त्याचं उत्तर मी आधी देते. तुम्हाला वाईट वाटणं अगदी रास्त आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि तुमच्या नात्याला लोक काय म्हणतात यावरही ते अवलंबून नाही. ९ वर्षं जिच्या पावलांच्या आवाजावरून तिचा दिवस कसा गेला ते तुम्हाला कळत आलं, ती घरातून जाणार म्हटल्यावर झोप उडणारच.

अशा दुःखाची अडचण वेगळी असते. एखादं जोडपं विभक्त झालं तर माणसं भेटायला येतात, फोन करतात, कुणी कामाचा भार उचलतं. तुमच्यासमोर मात्र लोक तिचं अभिनंदन करत असतील, आणि तुम्हीही हसून त्यात सामील व्हावं अशी त्यांची अपेक्षा असेल. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखांवर सविस्तर लिहिलं. समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही ते उघडपणे करता येत नाही, आणि म्हणून त्यातून बाहेर पडणं जास्त कठीण जातं. 'मला हक्क आहे का' असं तुम्ही स्वतःला विचारताय, हाही त्याच दुखण्याचा भाग आहे. लोकांनी जे तुम्हाला नाकारलं ते तुम्हीही स्वतःला नाकारताय.

डॉक्टरबद्दल एवढंच. झोप लागत नाही हे जरूर दाखवा, कारण झोपेविना कुठलाच निर्णय धड होत नाही. पण कुणाची ओढ न वाटणं हा आजार नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीतही स्पष्ट म्हटलं आहे, की जी व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल मानते तिला आयुष्यभर कामेच्छा वाटली नाही म्हणून विकाराचं निदान करू नये. अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधल्या १८ हजारांहून जास्त लोकांची पाहणी तपासली, तेव्हा साधारण शंभरातल्या एकाने 'मला कधीच कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलं नाही' असं नोंदवल्याचं दिसलं. घरच्यांना इतकं सांगून हा विषय तुम्ही मिटवू शकता.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते: "आमच्यात प्रेमसंबंध नाही. मग मला हक्क आहे का?" समाजाचा जो नियम तुमच्या गटाने वर्षानुवर्षं उघडा पाडला, तोच या प्रश्नात दडून बसला आहे. जोडीदार पहिला, बाकी सगळे नंतर. जोडीदारासाठी नोकरी बदलणं समजूतदारपणा, मैत्रिणीसाठी बदलणं वेडेपणा. जोडी जमली की खरं आयुष्य सुरू, तोवरचं सगळं तात्पुरतं. तत्त्वज्ञ एलिझाबेथ ब्रेक यांनी या समजुतीची चिकित्सा करताना दाखवून दिलं, की तिच्यामुळे मैत्री आणि एकमेकांची काळजी वाहणारी इतर सगळी नाती दुय्यम ठरतात, कायद्यातही आणि मनातही. तुमच्या मैत्रिणीच्या मनातही हे असणार. म्हणूनच घर सोडण्याविषयी ती 'बोलू लागली', पण तुमच्याबरोबर ठरवायला बसली नाही. त्यात दुष्टपणा असेलच असं मी मुळीच म्हणत नाही. मैत्रिणीचं घर सोडतानाही असं समोरासमोर बसून ठरवावं लागतं, हे तिला कदाचित कुणी कधी दाखवलेलंच नसेल.

तुमच्या गटासारख्या गटांबद्दल मला मनापासून आदर आहे. २००१ मध्ये डेव्हिड जे या अमेरिकन तरुणाने एसेक्शुअल लोकांसाठी 'एव्हन' ही इंटरनेटवरची जागा सुरू केली. आपल्यासारखं दुसरं कुणी आहे, हे असंख्य लोकांना तिथे पहिल्यांदा कळलं. प्रेम, शरीरसंबंध, लग्न, एकत्र राहणं, मुलं वाढवणं हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून आपल्या हाती दिलेलं असतं. ते सोडून एकेक गोष्ट वेगळी पाहता येते, हे या माणसांनी दाखवलं. त्याचा उपयोग जोडीने राहणाऱ्यांनाही झाला आहे. तरीही "मत्सर म्हणजे मालकीची भावना, तिला मोकळं सोड" हा सल्ला मला पटत नाही.

तो कुठून आला असावा याचा अंदाज आहे. स्वीडनमधल्या अँडी नॉर्डग्रेन यांनी २००६ मध्ये 'रिलेशनशिप अ‍ॅनार्की'चा, म्हणजे नात्यांमधली ठरीव उतरंड नाकारणाऱ्या विचाराचा, एक छोटा जाहीरनामा लिहिला, आणि तो अशा गटांमधून फार फिरला. एकावर प्रेम केलं म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होत नाही, आणि कुणाला किती महत्त्व द्यायचं हे नात्याच्या प्रकारावरून ठरू नये, हे त्याचं सार म्हणून सांगितलं जातं. पण बांधिलकीच नको असं त्यात कुठेही नाही. कोणाशी कसली बांधिलकी ठेवायची ते आयतं स्वीकारण्याऐवजी आपसांत बोलून ठरवा, असं त्यात आवर्जून सांगितलं आहे. तुमच्या मित्रमैत्रिणींनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोडून दिला.

चौकट मोडणाऱ्यांची स्वतःची नवी चौकट उभी राहते, हे पूर्वीही घडलेलं आहे. १८४८ मध्ये जॉन हम्फ्री नॉइस यांनी न्यूयॉर्क राज्यात ओनायडा ही वसाहत सुरू केली. तिथे सगळे पुरुष आणि सगळ्या स्त्रिया एकमेकांचे पती-पत्नी मानले जात. माणसावरची माणसाची मालकी संपवावी हा विचार त्यामागे होता. पण कुणी दोघं एकमेकांत जास्त गुंतले की तो दोष ठरे. लोकांसमोर बसवून त्यांच्यावर टीका होई आणि त्यांना दूरही केलं जाई. १८७९ मध्ये ती पद्धत बंद झाली. तिथे अनेकांवर प्रेम करायची मुभा होती, पण एकावर जास्त करायची नव्हती. तुमचा गट काही ओनायडा नाही, हे मला माहीत आहे. पण जिथे तुम्हाला मोकळं वाटायला हवं, तिथेच 'मला दुखलंय' हे सांगायची लाज वाटत असेल तर ते गटातल्या जाणत्यांनी ऐकायला हवं. घरचे म्हणतात तिला जाऊ दे, कारण मैत्री हे खरं नातंच नव्हे. गट म्हणतो तिला जाऊ दे, कारण खऱ्या नात्यात काही मागायचं नसतं. दोन्हीकडून तुमच्या वाट्याला गप्प बसणंच येतं.

मागणं आणि मालकी गाजवणं यांत फरक आहे. "तू त्याला भेटू नकोस" असं म्हणालात, तर ती मालकी. "आपण दोघींनी जे उभं केलं त्यातलं काय टिकवायचं, हे मला तुझ्याबरोबर बसून ठरवायचंय" हे मागणं आहे. मागण्याला ती नाही म्हणू शकते, आणि तरीही ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

इथून पुढचं लिहिताना मला थोडं जड जातंय, कारण ते तुम्हाला टोचेल. एकत्र म्हातारं व्हायचं हे तुम्ही 'धरून चालला होता'. दोघी हे कधी स्पष्ट बोलला होता का? थट्टेत किंवा दमलेल्या संध्याकाळी सहज म्हणून नव्हे. "माझं आयुष्य मी तुझ्याबरोबर आखतेय, तूही तसंच आखतेयस ना?" असं समोरासमोर कधी विचारलं होतं का? लग्न करणाऱ्यांना शपथा, कागद, साक्षीदार, सगळं आयतं मिळतं. तुमच्यासारख्या नात्यात ते काही नसतं, म्हणून एकीला जे वचन वाटतं ते दुसरीला आजच्या दिवसाचं सुख वाटू शकतं. प्रेमात पडणारी आणि न पडणारी अशी दोन माणसं एकत्र राहतात तेव्हा हे जास्तच होतं. तुमच्यासाठी हे घर हाच शेवटचा मुक्काम होता. तिच्यासाठीही तो तसाच होता का, हे तिचं तिलाच आता कळत असेल. तिला ते आताच कळत असेल तर तिने तुमचा विश्वासघात केला असं म्हणता येणार नाही. तुमचं नुकसान मात्र तरीही खरंच आहे. आणखी एक, तिला तो आवडणं आणि तिने तुम्हाला सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात त्या एकाच वाक्यात आल्या आहेत. ती पहिलीबद्दल बोलत असेल आणि तुम्हाला दुसरी ऐकू येत असेल.

"काहीच बदलणार नाही" हे तिचं म्हणणं मात्र मान्य करू नका. ती मायेने म्हणते, पण ते खरं होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या अभ्यासात दिसलं आहे, की माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात साधारण पाच जण मावतात, आणि नवा प्रेमसंबंध आला की सरासरी दोन जवळची माणसं त्या वर्तुळातून मागे सरकतात. त्यांच्यावरचा राग हे त्याचं कारण नसतं. वेळ आणि लक्ष मर्यादित असतं, इतकंच. म्हणजे तुमची भीती ही मनाचा खेळ नाही. पण ही सरासरी आहे आणि तुमच्या बाबतीत ती तशीच लागू पडली पाहिजे असं नाही. जो वेळ आधीच ठरवून राखून ठेवलेला असतो तो टिकतो. 'जमेल तसं भेटू' म्हटलेला वेळ आधी नाहीसा होतो.

तेव्हा गुपचूप दुसरं घर बघण्याला माझा ठाम विरोध आहे. तो त्याग दिसतो, पण त्यात तुम्ही तिच्या वतीने परस्पर निर्णय घेऊन टाकता. आपण काय गमावतोय हे तिला कळतच नाही, आणि तिने कधी न मागितलेल्या त्यागाची किंमत तुम्ही पुढे अनेक वर्षं मनात मोजत बसता. त्यापेक्षा बोला. ती त्याला भेटून आली त्या रात्री नको, आणि भांडणाच्या ओघातही नको. दिवस आणि वेळ सांगून बसा. आधी स्वतःसाठी लिहून काढा: कशाशिवाय मला चालणारच नाही, काय असलं तर बरं, आणि काय मी सोडू शकते. पहिला भाग छोटा ठेवा. सगळंच अत्यावश्यक म्हणून मांडलं तर समोरच्याला काहीच देता येत नाही. सुरुवात अशी करता येईल: "तू त्याच्याबरोबर सुखी असावीस असं मला वाटतं. पण मला भीती वाटतेय, आणि ती लपवून मी तुझ्याशी नीट वागू शकणार नाही. हे घर माझ्यासाठी फक्त भाडं वाटून घेण्याची सोय नव्हतं. तुझ्यासाठी ते काय होतं, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय." मग तिला बोलू द्या. तुम्हाला हवं ते उत्तर पहिल्याच दिवशी येईल अशी आशा धरू नका.

पुढे काय होऊ शकतं? ती जाईल आणि आठवड्यातली एक ठराविक संध्याकाळ, वर्षातली एक सुट्टी आणि आजारपणातली सोबत तुमची राहील, हा एक मार्ग. हे साधं दिसतं, पण ठरलेलं असलं तर ते बरंच काही सांभाळतं. दोन घरं चालत जाण्याच्या अंतरावर घेता येतील. ती आहे तिथेच राहील आणि त्याचं घर वेगळं असेल, असंही होऊ शकतं. प्रेमात असून वेगवेगळ्या घरांत राहणारी जोडपी पुष्कळ आहेत, आणि अनेकांनी ते आवडीने निवडलेलं असतं. तिघांनी एकाच घरात राहण्याबद्दल मी जरा सावध आहे. अशक्य मात्र ते नाही. वर उल्लेख केलेले डेव्हिड जे पुढे एका जोडप्याबरोबर राहू लागले आणि त्यांच्या मुलीचे तिसरे पालक झाले. पण तिथे तिघांनाही ते हवं होतं आणि आधी बोलून ठरलं होतं. तुम्ही तिला गमावण्याच्या भीतीने हो म्हणालात, किंवा तो तिला नाराज करायला नको म्हणून हो म्हणाला, तर ते घर तिघांनाही जड होईल. आणि कुठलाही मार्ग निवडा, घर सोडणं, करार मोडणं, मांजर कुणाकडे जाणार, या गोष्टी घाईने ठरवू नका. नव्या प्रेमाचा भर असतो तोवर सगळं सोपं वाटतं. काही महिने थांबण्याची विनंती करण्यात गैर काहीच नाही.

यातलं काहीही घडलं तरी एक काम याच महिन्यात सुरू करा: कागदपत्रं. उद्या तुम्हाला अपघात झाला तर हॉस्पिटल कुणाला फोन करेल? बहुधा त्याच नातेवाइकांना, ज्यांना तुमचं असणंच एक आजार वाटतो. तुमच्या वतीने उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा, खात्यांवर नॉमिनी कोण, मृत्युपत्रात काय, घराच्या करारावर कुणाची नावं, अनामत रक्कम आणि सामाईक वस्तूंची वाटणी कशी, हे लेखी असू द्या. आजवर तिचं नाव कुठे यायला हवं होतं आणि इथून पुढे कुठे यायला हवं, हे त्या निमित्ताने बोललंही जाईल. जोडीदारांना कायदा बरंच काही न मागता देतो. तुम्हाला ते लिहून मिळवावं लागतं.

यात आगळंवेगळं काही करतोय असं वाटू देऊ नका. पंधराव्या-सोळाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये दोन पुरुष, कधी सख्खे भाऊ तर कधी रक्ताचं नातं नसलेले, नोटरी आणि साक्षीदारांसमोर करार करून एकत्र संसार मांडत. 'एकच पाव, एकच वाइन, एकच थैली' अशी त्याची भाषा असे, आणि मालमत्ता सामाईक होई. आजही काही ठिकाणी कायद्याने वाट ठेवली आहे. बेल्जियममध्ये २००० सालापासून मित्र, मैत्रिणी, अगदी भावंडंही सहजीवनाची कायदेशीर नोंद करू शकतात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात २००३ पासून एकमेकांवर अवलंबून एकत्र राहणाऱ्या प्रौढांना, शारीरिक संबंध असो वा नसो, जोडीदारासारखे काही हक्क मिळतात. तुम्ही राहता तिथे असं काही नसेल तर एखाद्या वकिलाकडे बसून मृत्युपत्र, अधिकारपत्र आणि आपसांतला करार यांवर बरंच भागवता येतं.

मैत्रिणीचं ज्याच्याशी जुळलं आहे त्याच्याबद्दल तुम्ही पत्रात जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. तिने त्याला तुमच्याविषयी काय सांगितलं आहे, हे तिला विचारा. 'रूममेट' म्हणून ओळख करून दिली असेल तर तो बिचारा एका रूममेटचं घर रिकामं करतोय एवढंच त्याला माहीत असेल. तुम्ही तिच्या कोण आहात हे त्याला सांगणं तिचं काम आहे, तुमचं नव्हे. ती ते सांगायला तयार आहे की टाळते, यावरून पुढच्या दहा वर्षांबद्दल तुम्हाला पुष्कळ कळेल.

आणि समजा ती म्हणाली, "मला तुझ्याबरोबर इतकं आयुष्य आखायचं नव्हतं." तसं होऊ शकतं. तेव्हा दोन-तीन विश्वासाच्या माणसांना स्पष्ट सांगा, की माझं नातं तुटलंय असं समजा आणि तसे वागा. मोघम सांगितलंत तर ते तुमचं घर बदलतंय एवढंच समजतील. गटात पुन्हा जा, आणि तिथे तत्त्वांऐवजी अनुभव विचारा. प्रेमात पडणाऱ्या माणसाबरोबर आयुष्य उभारलेले आणि त्यातून गेलेले लोक तिथे नक्की असतील. दुसरं घर बघायची वेळ आली तर ती त्यानंतरची. ते घर एकटीसाठीच बघायचं, की अशाच दोघी-तिघींबरोबर, हाही प्रश्न तेव्हा खुला असेल. फक्त या वेळी आत राहायला जाण्याआधी विचारा, की आपण इथे किती काळासाठी आणि एकमेकींसाठी काय म्हणून राहतोय.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या मैत्रिणीच्या जागी असेल, नव्या प्रेमात असेल आणि घरी अशी एक व्यक्ती असेल, तर घर बदलण्याचा विचार जोडीदाराशी पक्का करण्याआधी तिच्याशी बोला. 'काहीच बदलणार नाही' असं म्हणू नका. काय बदलेल ते सांगा, आणि त्यातलं तिला काय राखायचंय ते विचारा.